अठ्ठावन्न सेंटिमीटर

मेतोद स्लापशाकने तिसऱ्यांदा टेप लावली आणि तिसऱ्यांदाही तोच आकडा आला. खांबाखालच्या दगडापासून मोठ्या तुळईच्या पोटापर्यंत चार मीटर एकोणतीस. हातातल्या जुन्या वहीत मात्र त्याच्याच अक्षरात, त्याच्याच निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं: चार मीटर सत्त्याऐंशी.

वहीवर तारीख होती जून १९९६ची. मधे बावीस वर्षं गेली होती. बावीस वर्षांत माणसं वाकतात, देशाचे पैसे बदलतात, सरकारांची तर गणतीच नाही. पण गवत वाळवायचा दुहेरी मांडव, ज्याला आमच्या दोलेन्स्का भागात लहानथोर सगळे तोप्लर म्हणतात, तो सहा ओकच्या खांबांवर उभ्याचा उभा राहून अठ्ठावन्न सेंटिमीटरनी बुटका होत नाही. निदान मेतोदने तरी तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याने पाहिलं नाही असं लाकडाच्या बाबतीत फारसं काही शिल्लक नव्हतं.

मिर्ना नदीच्या दोन्ही काठांवरचे शेतकरी त्याला ओळखून होते. जुना मांडव, धान्याचं कोठार, द्राक्षमळ्यातली झोपडी, काहीही दुरुस्त करायचं तर आधी मेतोद येऊन टोचून जायचा. त्याच्याकडे एक हातोडी, सायकलच्या तारेची घासून केलेली एक टोचणी, आणि अलीकडे जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कचेरीने गळ्यात मारलेलं एक यंत्र असे. त्या यंत्राचा सुईएवढा बारीक ड्रिल लाकडात शिरायचा आणि आत किती जोर लागला त्याची रेघ कागदावर उमटायची. मेतोद आधी हातोडीने ठोकायचा, मग टोचायचा, मग नाइलाज म्हणून यंत्र लावायचा, आणि यंत्राने त्याचंच म्हणणं खरं ठरवलं की यंत्राकडे मेहेरबानी केल्यासारखं बघायचा.

शेतकऱ्यांच्या लबाड्या त्याला तोंडपाठ होत्या. भेगेत पुट्टी भरून वर अक्रोडाच्या सालीचा रंग फासतात. फुटक्या तुळईवर नेमकी तिथेच मक्याची कणसं टांगतात. तपासणीच्या आधी वाईन पुढे करतात. मेतोद वाईन नंतर प्यायचा आणि कणसं आधी काढायला लावायचा. "मालकाचं ऐकायचं नाही, लाकडाचं ऐकायचं," असं तो नव्या लोकांना बजावायचा. एकतीस वर्षं त्याने हेच केलं आणि त्याच्या एकतीस वह्या झाल्या.

पण आज त्याला लाकूड काय म्हणतंय तेच कळेना.

तोप्लर होता कार्लिना पोवशे या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विधवेचा. रस्त्याला लागून असल्यामुळे नगरपालिकेने तिला कळवलं होतं की शरद ऋतूपर्यंत एक तर दुरुस्त करा नाही तर उतरवा. दुरुस्तीला कचेरी मदत देणार होती, पण मेतोदने 'लाकूड दुरुस्तीच्या लायकीचं आहे' असं लिहून दिलं तरच. म्हणून तो सकाळी आठला येऊन हजर झाला होता.

वरचं काम सोपं निघालं. उत्तरेकडून कौलं सरकली होती, पाणी शिरत होतं, कोपऱ्यातली तुळई भुंग्याने हातभर पोखरली होती. हातोडी मारली की भरड्या पिठासारखा भुसा गळायचा. तेवढा तुकडा कापून नवा जोडला की झालं. आडव्या दांड्या, तिरके आधार, लाकडी खुंट्या, सगळं ठीक होतं. मग तो शिडीवरून उतरून खांबांच्या पायाशी गुडघे टेकून बसला, आणि तिथून गोंधळ सुरू झाला.

तोप्लरचे खांब पायातून मरतात. पावसाचं पाणी दगडावरून उडतं, गवताचा कचरा साठतो, ओल धरते, आणि शंभरेक वर्षांत ओकसुद्धा हार मानतो. हे खांब दीडशे वर्षांचे होते. मेतोदने हातोडी मारली तर टणटणीत आवाज आला. टोचणी दाबली तर नखभरही आत जाईना. यंत्र लावलं तर रेघ वर चढली ती वरच राहिली. सहाच्या सहा खांबांचे पाय तरण्या पोरासारखे. आणि वहीत काय लिहिलं होतं? 'पाय: दोन कुजके, टोचणी तीन बोटं आत. लक्ष ठेवावे.'

कुजलेलं लाकूड पुन्हा बरं झाल्याचं त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याने चष्मा पुसला. वही उलटून गावाचं नाव पाहिलं. गाव हेच, घर हेच, खांब सहाच.

कार्लिना अंगणातल्या बाकावर शेंगा सोलत बसली होती. तो तिच्याकडे गेला.

"कार्लिनामावशी, हा तोप्लर कधी कुणी खाली घेतलाय का?"

"खाली? तो काय झाडावर चढून बसला होता?"

"म्हणजे उंची कमी केली आहे का? पाय कापले वगैरे?"

"ऐका आता! माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी बांधला तेव्हापासून हा एवढाच आहे. तू काय मोजलंस कोण जाणे."

"बावीस वर्षांपूर्वी मीच मोजला होता. चार सत्त्याऐंशी भरला होता."

"मग चुकला असशील तेव्हा. माणूस आहेस, पोपही चुकतो. शेंगा खातोस का? कोवळ्या आहेत."

एवढ्यात कुंपणापलीकडून लुडविक आला. लुडविक म्हणजे शेजारी. सत्तरीचा, दांडगा, ट्रॅक्टर आणि मोठमोठे जॅक बाळगणारा, त्यामुळे गावातलं कुठलंही जड काम त्याच्यावाचून अडायचं. मेतोदने त्यालाही विचारलं.

"बुटका?" लुडविकने तोप्लरकडे असं पाहिलं जणू पहिल्यांदाच पाहतोय. "मी इथेच जन्मलो, बाबा. हा असाच होता. उलट मला तर जरा उंचच वाटतो."

"सगळ्यात खालची दांडी बघ. माझ्या नडगीला लागते. कुठल्या तोप्लरची खालची दांडी नडगीला लागते? कमरेला लागायला हवी."

लुडविकने कार्लिनाकडे पाहिलं. कार्लिनाने शेंगेकडे पाहिलं. "ती होय," ती म्हणाली, "ती सासऱ्यांनी मागाहून मारून घेतली. कोबीची रोपं बांधायला."

एरवी असतं तर मेतोदने कपाळावर हात मारला असता. कोबी कोण बांधतं? शिवाय ती दांडी ज्या भोकातून गेली होती ते भोक बाकीच्या भोकांइतकंच जुनं, घासून गुळगुळीत झालेलं होतं. एरवी त्याने दोघांनाही तिथल्या तिथे झाडलं असतं. आज त्याने खाली मान घालून वहीत लिहिलं: 'खालची दांडी मागाहून. मालकिणीच्या सांगण्यावरून.' लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की आपण मालकाचं ऐकतोय.

याला कारण होतं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत मोटारीच्या किल्ल्या पावाच्या डब्यात सापडल्या होत्या. मार्चमध्ये त्याने एकाच कोठाराचे दोन अहवाल पाठवले, तेही आठ दिवसांच्या अंतराने, आणि कचेरीतली मुलगी हसून म्हणाली, "मेतोद, एवढं आवडलं का ते कोठार?" गेल्या महिन्यात तो भलत्याच गावात जाऊन अर्धा तास भलताच मांडव ठोकत बसला होता. एका सकाळी टोचणी हातात धरून तिला काय म्हणतात तेच त्याला आठवेना. बायकोने, जस्टिनाने, एकदाच विचारलं होतं, "थकलायस का रे?" आणि तो उगाच तिच्यावर खेकसला होता.

त्याची आई तेरेझिया शेवटची चार वर्षं त्याला त्याच्या मेलेल्या काकाच्या नावाने हाक मारायची. तिचीही सुरुवात अशीच झाली होती. पीठ दोनदा मोजायची, मग तीनदा, मग रडायला लागायची.

म्हणून मेतोदसाठी प्रश्न तोप्लरचा उरलाच नव्हता. वहीतला आकडा खरा असेल, तर समोरचं लाकूड खोटं. समोरचं लाकूड खरं असेल, तर बावीस वर्षांपूर्वी, ऐन चाळिशीत, हाताला आणि डोळ्याला धार असतानाच आपण चुकत होतो. मग एकतीस वह्यांमध्ये आणखी काय काय चुकलं असेल? आणि दोन्ही खरं असेल, तर आपलं डोकं आता मोजण्याच्या पलीकडे गेलं. त्याने हे तिन्ही पर्याय उलटेपालटे करून पाहिले आणि प्रत्येक वेळी शेवटी पावाच्या डब्यातल्या किल्ल्याच दिसायला लागल्या.

तो पुन्हा खांबापाशी गेला. पायाशी चारही बाजूंनी डांबर फासलं होतं. ओलीसाठी फासतात, त्यात नवल नाही. त्याने डांबर खरवडायला टोचणी उचलली आणि तशीच खाली ठेवली. खरवडून कापल्याची खूण नाहीच दिसली तर? तेवढं बघायची त्याची छाती होईना. मी म्हणतो, एवढा लाकडाला न घाबरणारा माणूस, पण त्या क्षणी बोटभर डांबराला घाबरला.

दुपारी कार्लिनाने त्याला स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. तार्रागोनचा पाला भरलेल्या श्ट्रुकल्या, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या वळकट्या, वर तळलेला पावाचा चुरा. मेतोदने दोन घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला.

"मावशी, तुमचा अहवाल मी लिहीत नाही."

"अगंबाई! का? एवढा वाईट आहे का माझा तोप्लर?"

"तोप्लर चांगला आहे. मी वाईट झालोय. माझं मोजमाप आता जुळत नाही. कचेरीला कळवतो, दुसरा कुणीतरी येईल. मी आज काम सोडतो."

"एका आकड्यावरून?"

"एका नाही." आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं. किल्ल्या, दोन अहवाल, भलतं गाव, टोचणीचं नाव. आईचं पीठ मोजणंही सांगितलं. ज्या बाईची आज सकाळी नीट ओळखसुद्धा नव्हती, तिला त्याने ते सांगितलं जे बायकोला चार महिने सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

कार्लिना उठली, खिडकी उघडली आणि असा आवाज दिला की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

"लुडविक! ए लुडविक! इकडे ये आणि तोंड उघड!"

लुडविक आला, दारातच उभा राहिला. "काय झालं?"

"सांग याला."

"काय सांगू?"

"करवतीचं सांग, मेल्या! हा माणूस इथे स्वतःला वेडा समजायला लागलाय आणि आपण कोबी बांधतोय!"

लुडविकने टोपी काढली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकोणीसशे नव्याण्णवला दोन खांबांचे पाय भुसभुशीत झाले म्हणून लुडविकने जॅक लावून तोप्लर उचलला, आणि दोन खांब कापायचे ते सहाच्या सहा कापले. नंतर आणखी दोनदा तसंच. शेवटचं चार वर्षांपूर्वी.

"सहाच्या सहा?" मेतोद ओरडला. "कुजके दोन, आणि चांगले चारही कापलेस?"

"मग काय लंगडा करू त्याला?"

"नवा पाय जोडायचा, गाढवा! सांधा मारून! नाही तर दगड उंच करायचा!"

"मी म्हणालो होतो दगड उंच करू," लुडविक म्हणाला. "हीच नको म्हणाली."

"नकोच म्हणाले," कार्लिना म्हणाली. "गवत टाकायला वर चढायचं कुणी? नवरा गेला, पोरगा परदेशात, ग्राझला. दांड्या खाली आल्या तर माझा हात पोचत होता. मीही वर्षागणिक खाली खालीच येतेय की. आम्ही दोघं बरोबरीने आलो."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय, दंड भरू? तिकडे वरच्या खोऱ्यात एकाने जुन्या घराची खिडकी बदलली तर कचेरीने त्याला कोर्टात खेचलं म्हणे. आम्ही तर सबंध तोप्लरच खाली आणलाय."

मेतोदला त्या खिडकीची गोष्ट माहीत होती. ते घर नव्हतं, चॅपल होतं, आणि खिडकी नव्हती, रंगवलेला दरवाजा होता. कुजका पाय कापण्याला कचेरी देखभाल म्हणते आणि त्यासाठी कुणाला कोर्टात खेचत नाही. पण हे सांगायच्या आधी त्याला दुसरंच काही हवं होतं.

"कापलेले तुकडे आहेत?"

"अठरा होते. ओक जळतो मस्त," कार्लिना म्हणाली. "दर वेळचा एकेक ठेवलाय."

एकावर ती लाकडं फोडायची, एक सशांच्या खुराड्याखाली टेकू होता, आणि एकावर बसून ती गाईची धार काढायची. मेतोदने तिन्ही अंगणात ओळीने मांडले आणि टेप काढली. चोवीस. अठरा. चौदा. बेरीज छप्पन्न.

"दोन कमी आहेत," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड पुन्हा उतरलं.

"करवत काय हवा खाते का?" लुडविक म्हणाला. "तीन वेळा कापलं. जाड पात्याची आहे माझी."

करवतीची वाट, पात्याने भुसा करून टाकलेलं लाकूड! तीनदा पाऊण सेंटिमीटर धरलं तरी दोन होतात. अठ्ठावन्न! मेतोद त्या धार काढायच्या तुकड्यावर मटकन बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वही खरी होती. डोळा खरा होता, हात खरा होता. त्याने लुडविकला मिठी मारली आणि त्याच दमात त्याच्या सात पिढ्यांच्या सुतारकामाचा उद्धार केला. कार्लिनाने बरणीतून घरची लालसर आंबट वाईन ओतली, आणि तपासणी संपली म्हणून मेतोद प्याला.

"खरं तेच लिहीन," तो म्हणाला. "तीनदा कापलंय, आता पाय उत्तम आहेत, कोपऱ्यातली तुळई तेवढी जोडावी. दंडबिंड काही नाही. पण पुन्हा करवत लावलीत तर मीच कोर्टात जाईन."

"बघ, किती ठणठणीत आहेस!" कार्लिनाला स्वतःच्या खोटेपणाची बोच लागली होती आणि त्याला आता किती चांगलं सांगू असं झालं होतं. "डोकं गेलं म्हणे! अरे, तू होतास तस्साच आहेस. तू मोजून गेलास त्याच वर्षी लुडविकच्या पोरीचं, इर्माचं, लग्न झालं, ह्याच तोप्लरखाली, तेव्हा तू बायकोला घेऊन आला होतास. हिरवा झगा होता तिचा. अकॉर्डियनवाला दमला, पण तू काही तिला सोडेनास. शेवटी लुडविकने तुम्हाला उचलून बाजूला ठेवलं."

"ठेवलं खरं," लुडविक हसला. "जॅकशिवाय."

मेतोदही हसला. "हो हो," तो म्हणाला.

मग त्याने तोप्लरकडे पाहिलं. मोठी तुळई, तिच्याखालची मोकळी जागा, खांब. त्याने तिथे टेबलं मांडून पाहिली, अकॉर्डियन वाजवून पाहिलं, जस्टिनाला हिरवा झगा घालून पाहिला. काही हललं नाही. जागा रिकामीच राहिली. वहीत जूनमधली उंची होती, दोन कुजके पाय होते, भोकांचं अंतरसुद्धा होतं. जे वहीत होतं ते सगळं खरं निघालं. जे वहीत नव्हतं ते कुठेच नव्हतं.

"कितव्या महिन्यात होतं लग्न?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सप्टेंबर. द्राक्षांच्या आधी."

त्याने ग्लास ठेवला, दोघांचा निरोप घेतला, हातोडी, टोचणी आणि यंत्र मोटारीत नीट ठेवलं. मोटार चालू केली नाही. फोन काढून घरी लावला.

"जस्टिना, आपण पोवशेंच्या तोप्लरखाली कधी नाचलो होतो का?"

"हो. इर्माच्या लग्नात. का रे?"

"कसा नाचत होतो मी?"

"भयंकर. माझ्या पायावर पाय देत होतास. मी दोन दिवस लंगडत होते."

"मला आठवत नाही," मेतोद म्हणाला. "काहीच आठवत नाही. आणि हे एकच नाही. बरंच आहे. मी तुला बोललो नाही." "डॉक्टरकडे नाव घालावं लागेल. त्या मेंदूच्या डॉक्टरकडे. चार-चार महिने नंबर लागत नाही म्हणतात."

"गुरुवारी आहे. सकाळी नऊला."

"काय?"

"फेब्रुवारीतच नाव घातलंय तुझं. तू आपणहून म्हणशील म्हणून वाट बघत होते."

"आणि म्हणालोच नसतो तर?"

"तर बुधवारी सांगितलं असतं," जस्टिना म्हणाली. "आता घरी ये. सावकाश ये. आणि रस्ता चुकलास तर फोन कर, लाजू नकोस."